वीतभर नळी

रोह्याहून कोलाडकडे निघालं की सध्या दोन्ही अंगांना भात पिवळं झालेलं दिसतं. काही खाचरांत विळे चालायला लागलेत, कापलेल्या पेंढ्या आडव्या पसरल्यात, आणि दुपारचं ऊन असं की डोळे बारीक केल्याशिवाय बघवत नाही. पाऊस गेला आणि थंडी आलेली नाही, असे हे मधले पंधरा-वीस दिवस. कापलेल्या भाताचा वास येतो, त्यात हायवेवरच्या डिझेलचा मिसळतो. हे दोन वास एकत्र आले की बाकीच्यांना काय आठवत असेल ते असो, मला एक मोटारगाडी आठवते. ती मी आयुष्यात कधी पाहिलेली नाही.

तिचा फोटो तेवढा पाहिलाय. बुटकी, लांब नाकाची, दारावर पांढरा गोल आणि गोलात आकडा. चोवीस तास चालणाऱ्या शर्यतींसाठी ती परदेशात बांधली होती. दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवायचे, एक गाडीत असला की दुसरा झोपायचा. पुण्याच्या पोंक्ष्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडच्या कंपनीतल्या शिफ्टसारखंच की. ते हसले नाहीत. जुन्या गाड्यांच्या बाबतीत पोंक्षे विनोद खपवून घेत नसत.

आधी आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा म्हणजे माझे वडील. कोलाडजवळच्या खांब गावाला हायवेच्या कडेला चाळीस वर्षं त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार वासे, वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली माती आणि गाडीखाली उतरायला एक खड्डा. शाळा दुसरीपर्यंत. सही यायची, आकडे ओळखता यायचे, त्यापलीकडे अक्षरांशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. पण त्यांची एक पद्धत होती. नवी गाडी दुकानात आली की बॉनेट उघडायच्या आधी ते तिचा चेसिस नंबर शोधायचे. फडक्याने ग्रीस पुसायचे, आकड्यांवर पतंगाच्या कागदाची पट्टी धरायचे आणि शिसपेन्सिल आडवी करून घासायचे. करड्या पट्टीत पांढरे आकडे उमटायचे. मग इंजिनच्या नंबरची तशीच छाप. दोन्ही पट्ट्या वहीत खळीने डकवल्या की मग पाना हातात घ्यायचा. पासिंगसाठी आरटीओत अशी छाप लागते, त्यामुळे ती काढायला सगळेच मेकॅनिक शिकतात. काम झालं की विसरतात. आप्पा मात्र पासिंग असो नसो, प्रत्येक गाडीची काढायचे आणि जपून ठेवायचे.

"आधी नाव इचारायचं, मंग दुखणं," असं त्यांचं म्हणणं.

लहानपणी मला याची लाजच वाटायची. मैत्रिणींचे वडील वहीत लिहायचे, माझे घासायचे. ट्रकवाले घाईला आलेले असायचे, हॉर्न वाजवायचे, आणि हे गाडीखाली उताणे पडून पेन्सिलीला टोक करत असायचे. एखादा चिडून म्हणायचा, "आप्पा, गाडी दुरुस्त करतोस का तिची पत्रिका बनवतोस?" आप्पा खालून शांतपणे म्हणायचे, "पत्रिकाच हाय ती." पुढे मी शिकले, रोह्याच्या शाळेत मराठीची शिक्षिका झाले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. लाल शाईने शेरे मारायची हाताला सवय लागली.

मग रस्ता चौपदरी व्हायचं निघालं. गॅरेजची जागा त्यात गेली. आप्पा तेव्हा सत्तरीच्या पुढचे, एकटे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना रोह्याला माझ्याकडे आणायचं ठरवलं. सामान आवरायची वेळ आली ती नेमकी कापणीत, आणि आप्पा दरवर्षीप्रमाणे गागोदे बुद्रुकच्या बाजूला आत्याकडे गेलेले. हिरा आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. जाताना एवढंच म्हणाले, "हत्यारं सांभाळून आण गो." हत्यारं मी सांभाळून आणली. एकेक पाना पुसून ट्रंकेत घातला. गॅरेजच्या लोखंडी कपाटात अठरा-वीस वह्या होत्या, वाळवी लागलेल्या, फुगून दुप्पट झालेल्या. दोन-चार उघडून पाहिल्या. पानोपान करड्या पट्ट्या. ना नाव, ना तारीख, एकही अक्षर नाही. माझ्या लेखी त्या वह्या कोऱ्याच होत्या. रद्दीवाला दारात उभाच होता. गोणीत भरल्या आणि देऊन टाकल्या. हात झटकले तेव्हा तळव्यांना पेन्सिलीची पूड लागली होती, ती मी नळाखाली धुतली.

आप्पांनी परत आल्यावर ट्रंक बघितली, हत्यारं मोजली, खूश झाले. वह्यांचं विचारलं नाही. त्या ट्रंकेच्या तळाशी असणार हे ते धरूनच चालले होते. मीही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नव्हतं.

पुढल्या वर्षी पुन्हा भात पिवळं झालं आणि पोंक्षे आले. साठीच्या आतबाहेरचा, किरकोळ बांध्याचा माणूस. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून हा गृहस्थ जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा माग काढत फिरायचा. कोणती चेसिस कुठे गेली, कोणतं इंजिन कुठल्या गाडीतून निघून कुठल्या गाडीत बसलं, कोणाकडून कोणाकडे मालकी गेली. परदेशातले लोक त्याला हे काम सांगायचे. हायवेवर जुन्या मेकॅनिकांची चौकशी करत करत ते कोलाडला पोचले होते आणि तिथल्या टायरवाल्याने त्यांना आमच्या घराचा पत्ता दिला होता.

त्यांनी फोटो पुढे केला. आप्पांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "ही तर आपली. सुकेळी खिंडीत मोडलेली."

पोंक्ष्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

त्यानंतर तासभर आप्पा बोलत होते. गेली दोन-तीन वर्षं सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरणारा माणूस, पण ती गाडी त्यांना नटबोल्टांसकट आठवत होती. मुंबईच्या कुणा गिरणीमालकाच्या मुलाने ती आणलेली, हौस फिटल्यावर एका ठेकेदाराला विकलेली. ठेकेदार ती कोकणात घेऊन आला, कामांवर मिरवायला. आमचे तेव्हाचे रस्ते आणि जमिनीपासून चार बोटं वर असलेली ती गाडी! सुकेळी खिंडीत तिचा सांगाडा तडकला. शर्यतीची गाडी, म्हणून तिची चेसिस नळ्या जोडून केलेली, हलकी. एका बाजूच्या तीन नळ्या गेल्या. ठेकेदार आप्पांना म्हणाला, वरचं अंग जीपच्या चेसिसवर बसव, पण कागदपत्रं चालली पाहिजेत. आप्पा तेव्हा तिशीतले. त्यांनी विचार केला आणि मूळ सांगाड्याची नंबर असलेली वीतभर नळी कापून काढली, ती जीपच्या चेसिसवर जोडली. गाडी मेली, नंबर जिवंत राहिला.

"मंग? नंबर जित्ता तर गाडी जित्ती," आप्पा म्हणाले.

यात आपण काही वावगं केलं असं त्यांना आजही वाटत नव्हतं. गावातल्या कुठल्याही मेकॅनिकने तेच केलं असतं. चालतं ते टाकायचं नाही, एवढं एकच शास्त्र. पोंक्षेही रागावले नाहीत. उलट म्हणाले की तिकडेही शर्यतींच्या काळात हे सर्रास चालायचं. एका गाडीची कागदपत्रं घेऊन दुसरी गाडी सरहद्द ओलांडायची, आदल्या दिवशी इंजिनांची अदलाबदल व्हायची, मोडलेल्या गाडीचा नंबर धड असलेल्या गाडीला मिळायचा. आप्पांना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजे तिकडंपण आमच्यावानीच!"

इंजिनाची कथा तर त्याहून मजेची. ते पेट्रोल पिऊन ठेकेदाराला नको झालं, म्हणून आप्पांनी काढून जीपचं बसवलं. मूळ इंजिन नागोठण्याच्या एका भातगिरणीवाल्याने नेलं. परदेशात शर्यती जिंकण्यासाठी घडवलेलं इंजिन आमच्याकडे तांदूळ सडायला लागलं. त्याचा वेग कुणाला आवरेना. तांदूळ कमी आणि कणीच जास्त निघायची, बायका गिरणीवाल्याला शिव्या घालायच्या. दोन हंगाम चाललं. मग एका पावसाळ्यात अंबा नदीचं पाणी गिरणीत शिरलं आणि इंजिन गाळाने भरलं, ते कायमचं. भंगारात गेलं असणार. पोंक्ष्यांनी वहीत लिहून घेतलं आणि त्या ओळीखाली रेघ मारली. त्यांचा चेहरा कुणी गेल्याची बातमी ऐकल्यासारखा झाला होता.

पण ते आले होते वेगळ्याच कामासाठी. ती वीतभर नळी फिरत फिरत परदेशात पोचली होती. तिथल्या मालकाने तिच्याभोवती सबंध गाडी पुन्हा उभी केली होती. आता काही जाणकार म्हणत होते की तो नंबर मूळचा नाही, हिंदुस्थानात कुणा रस्त्याकडेच्या मेकॅनिकने साध्या नळीवर तो पंचाने, म्हणजे आकडे ठोकायच्या खिळ्याने, मारला. म्हणजे बनावट.

हा शब्द पोंक्ष्यांनी अगदी सहज उच्चारला. आप्पांची मान वर आली.

"मी कापला," ते म्हणाले. "जोडला. पंच मारला नाय. उभ्या जन्मात कुठल्या गाडीवर मी नंबर मारला नाय. माझ्या दुकानात पंच नव्हताच."

मला तोवर या दोन गोष्टींत फारसा फरक दिसत नव्हता. आप्पांना दिसत होता. कापणं-जोडणं म्हणजे दुरुस्ती, आणि नंबर मारणं म्हणजे चोरांची साथ. हायवेवर चोरीच्या गाड्या यायच्या, रातोरात नंबर बदलून देणारे आसपास होते, त्यांनी चांगली घरं बांधली. आप्पांनी ते काम कधी केलं नाही, आणि आमचं घर कुडाचं राहिलं याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. चाळीस वर्षांत त्यांच्याकडे अभिमान बाळगण्यासारखी हीच एक गोष्ट होती. तिलाच आता हात लागला होता.

"पुरावा हवा, आप्पा," पोंक्षे मृदूपणे म्हणाले. "तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण मला अहवाल लिहायचा आहे."

"हाय ना!" आप्पा उठलेच. "कापायच्या आधीची छाप हाय. नंबरच्या पुढं नळीचा जोड होता, त्याचीपण छाप आलीय तिच्यात. ती तुमच्या तुकड्याला लावून बघा. माझ्या वहीत हाय. ट्रंकेत."

पोंक्षे माझ्याकडे बघून हसले, इतक्या आनंदाने की मला आजही तो चेहरा विसरता येत नाही. आप्पा आतल्या खोलीत जाऊन ट्रंकेचं झाकण उघडत होते, बिजागरीचा आवाज आला. मी तिथेच, बाहेरच्या खोलीत, हातात रिकामे कप धरून उभी होते. दोन शब्द बोलायचे होते. पुण्याचा परका माणूस समोर, आपण शिक्षिका, आणि वडिलांचं चाळीस वर्षांचं दप्तर आपण रद्दीत घातलं, हे कसं सांगायचं? मनात म्हटलं, पोंक्षे गेले की सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पोंक्षे गेल्यावर आप्पा म्हणाले, "विजू, माळ्यावर असतील काय गो?" आणि मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले.

यासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. खोटं मी बोलले नाही. मी फक्त शोधायला मदत केली. माळ्यावरचे डबे खाली काढले, पलंगाखालची बोचकी सोडली, जुन्या गाद्या उसवून पाहायला आप्पांनी सांगितलं, त्याही उसवल्या. ज्या वस्तू नाहीत हे पक्कं ठाऊक आहे त्या मी धूळ खात, शिंकत, घामाघूम होऊन शोधत होते. आप्पा खालून स्टूल धरून उभे असायचे. "पड नको गो," म्हणायचे.

चार दिवसांनी आत्याकडे जायचं ठरलं. कारण मूळ सांगाड्याचं पुढे काय झालं असं पोंक्ष्यांनी फोनवर विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "तो व्हय? तो हिराच्या ओहोळावर हाय." आत्याच्या नवऱ्याने तो मोडका सांगाडा त्या काळी ट्रकवर टाकून नेला होता आणि घर नि शेत यांच्यामधल्या ओहोळावर आडवा टाकून साकव केला होता. आम्ही पेणमार्गे गेलो. पोंक्षे पुण्याहून खोपोलीकडून परस्पर आले.

आत्याच्या शेतात कापणी जोरात होती. डोक्यावर भारे घेऊन बायका ओहोळ ओलांडत होत्या, आणि पायाखाली चोवीस तासांच्या शर्यतीतली ती गाडी. नळ्यांवर बांबू आडवे बांधलेले, वर माती, मातीत गवत उगवलेलं. पोंक्षे बूट काढून, पँट दुमडून सरळ पाण्यात उतरले. खालून सांगाड्यावर हात फिरवत राहिले.

आत्या माझ्या कानाला लागली. "काय गो ह्याला झालंय? साकवाच्या पाया का पडतोय?"

"आत्या, ही मोठ्या शर्यतीतली गाडी होती."

"व्हय? मना तर पावसात कधी दगा दिला नाय तिनं." मग जरा विचार करून म्हणाली, "नेणार हाय काय ती? कापणी तरी उरकू दे म्हणावं. भारे काय माझ्या उरावरून नेऊ?"

आप्पाही काठावरून सांगत होते, कुठे बघायचं ते. "पुढच्या अंगाला. डाव्या हाताला. तिथं वीतभर गाळा दिसंल." गाळा होता. पण कापलेली दोन्ही टोकं ओहोळाच्या पाण्यात बुडून बुडून गंजली होती, बोट लावलं की पापुद्रे गळत होते. कापाची खूण उरली नव्हती. त्या गाळ्यात वीतभर नळी बसली असती, पण दीड वीतही बसली असती. पोंक्षे बराच वेळ पट्टी लावून बघत होते. मग वर आले आणि पायाचा चिखल न पुसताच बांधावर बसले.

"ही तीच चेसिस असेल," ते म्हणाले. "मला तरी वाटतं तीच. पण तो तुकडा हिचाच, हे हिच्यावरून सिद्ध होणार नाही. आता सगळं तुमच्या छापेवर आहे, आप्पा."

"मिळंल," आप्पा म्हणाले. "जाते कुठं?"

बांधावर आम्ही चौघं होतो. सांगायला त्याहून बरी जागा मिळाली नसती. आत्या होती, तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि भावाला सावरलं असतं. पोंक्ष्यांनी निदान माझं बोलणं तरी लिहून घेतलं असतं, की वह्या होत्या, मी त्या पाहिल्या होत्या. आप्पा माझ्यावर चिडले असते. चिडू देत की! पण मी आत्याने दिलेली काकडीची फोड खात बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते सोसणाऱ्याने म्हणायचं असतं. सोसणाऱ्याला दात कुणाचे तेच ठाऊक नव्हतं.

ती कापणी संपेपर्यंत आप्पांनी शोध सोडला नाही. एके दिवशी कुणाला न सांगता एसटीने खांबला गेले. गॅरेज होतं तिथे खडीचा ढीग आणि पिवळं मशीन. शेजारच्या चहावाल्याने मला फोन केला, मी रिक्षा करून गेले, तर आप्पा खडीच्या ढिगाशेजारी उभे राहून पावलांनी अंतर मोजत होते. कपाट कुठे होतं ते बघत होते. मला पाहून ओशाळले. "डोकं गेलं माझं," म्हणाले. "ठेवल्या कुठं तेच आठवत नाय."

त्यांनी स्वतःवरच आळ घेतला होता. माझ्यावर संशय येण्याचं त्यांना कारणच नव्हतं. शिकलेली मुलगी, ती वह्या कशाला टाकेल? आणि एकदा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला की माणूस किती भराभर ढासळतो ते मी त्या दिवसांत पाहिलं. आधी वह्या कुठे ठेवल्या ते आठवेना. मग त्या ट्रंकेत घातल्या होत्या का याचीच शंका यायला लागली. मग ती छाप काढली होती का. दिवाळीच्या आसपास एका दुपारी झोपेतून उठून म्हणाले, "विजू, आपल्या दुकानात पंच कुणाचा होता गो?"

"पंच नव्हता, आप्पा. तुम्हीच सांगता ना नेहमी."

"तुला काय म्हाईत? तू शाळंत असायचीस."

मी मुलांना शिकवायचे की लिहिलेलं टिकतं, बोललेलं वाऱ्यावर जातं. किती सोपं करून सांगायचे मी. आप्पांनी एक अक्षर न लिहिता चाळीस वर्षं टिकवली होती. कुठल्या पट्टीची कुठली गाडी, कुणाची, कुठे बिघडली, हे सगळं वही उघडली की त्यांना दिसायचं. ती वही त्यांच्या डोक्याचाच एक भाग होती. मी ती गोणीत भरली तेव्हा आप्पांचं केवढं काय मी देऊन टाकलं, ते मला कळायला वह्या परत मिळण्याची वेळ निघून जावी लागली. रद्दीवाल्याकडे मी गुपचूप जाऊन आले होते. "मॅडम, वरीस झालं," एवढंच तो म्हणाला.

आप्पा माघात गेले. फारसे आजारी नव्हते, नुसते कमी कमी होत गेले. दिवसकार्य झाल्यावर मी पोंक्ष्यांना सविस्तर पत्र लिहिलं. वह्या होत्या, मी पाहिल्या होत्या, मीच टाकल्या, माझ्या वडिलांनी नंबर मारलेला नाही. वरातीमागून घोडं. पोंक्ष्यांचं उत्तर आलं. सज्जन माणूस, दोष दिला नाही. त्यांनी लिहिलं होतं की माझं पत्र त्यांनी फायलीला जोडलं आहे, पण छाप कुणी पाहिलेली नाही, आणि आप्पांच्या सहीचा जबाब आधीच अहवालात गेला आहे. मुलीने नंतर लिहिलेल्या पत्राहून माणसाचा स्वतःचा जबाब मोठा धरतात, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

त्या जबाबाबद्दल लिहायचं मी इतका वेळ टाळते आहे. दरवर्षी टाळते. आत्याचा सांगाडा अजून ओहोळावर आहे, तो न्यायला कुणी आलं नाही, कारण बनावट नंबरच्या गाडीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? हे सगळं मी लोकांना रंगवून सांगते, गिरणीतल्या कणीचं सांगून हसवते. जबाबाचं सांगत नाही.

कार्तिकातली दुपार होती. भात झोडून झालं होतं, लोक वालाच्या पेरणीला लागले होते. पोंक्ष्यांचा फोन येऊन गेला होता की वही सापडत नसेल तर निदान आप्पांना जे आठवतं ते लिहून सहीनिशी पाठवा, अहवाल आता थांबवता येणार नाही. आप्पा गॅलरीतल्या खुर्चीत बसले. मी समोर कोरा कागद घेऊन बसले.

"लिव," आप्पा म्हणाले. "गाडी माझ्याकडं आली व्हती. सांगाडा तडकलेला. मी कापला." मग थांबले. रस्त्याकडे बघत राहिले. "नंबर मीच मारला असंल. आता आठवत नाय."

माझा हात थांबला. "आप्पा, असं नाही झालं. तुम्ही कधीच नंबर मारला नाही."

"मंग वही कुठं हाय?"

त्यांनी हे रागाने विचारलं नाही. खरंच विचारलं. जगात एकाच माणसाला याचं उत्तर ठाऊक होतं आणि तो माणूस त्यांच्यापासून हातभर अंतरावर पेन घेऊन बसला होता. तोंडापर्यंत आलं होतं. त्यांचा तो थकलेला, माझ्यावर पूर्ण विसंबलेला चेहरा पाहिला आणि मला भीती वाटली, की हे कळल्यावर ते माझ्याकडे असे पुन्हा कधी बघणार नाहीत.

"नाही सापडत, आप्पा," मी म्हटलं.

"मंग लिव तसंच. नाय आठवत तर मारला नाय असं छातीठोक कसं सांगू? खोट्यावर सही नाय करायचा मी."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पेन मागितलं. सही नीट यावी म्हणून मी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.